प्रकल्प नोंदी: सणाचं जेवण, बारा पानं, एक सीलिएक पाहुण्या

रविवार, २ नोव्हेंबर

जेवण रविवारी २३ नोव्हेंबरला, दुपारी १ वाजता. माणसं १२. हाताशी एक ओव्हन, चार बर्नर, एक फ्रिज आणि एक छोटं फ्रीझर.

एका पाहुण्यांचा निरोप: "मला गहू आणि दूध चालत नाही." एवढ्यावर मेनू ठरवता येत नाही. 'गहू चालत नाही' म्हणणाऱ्यांत तीन प्रकारची माणसं असतात. एकाला गव्हाची ॲलर्जी असते, एकाला सीलिएक असतो (गहू, बार्ली, राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार) आणि एकाला गहू खाल्ला की जड वाटतं. ॲलर्जी असलेल्याला बार्ली बहुधा चालते, सीलिएकवाल्याला चालत नाही. जड वाटणाऱ्याला एखादा घास चालतो, बाकी दोघांना तोही नको. दुधाचंही तसंच. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नसेल तर प्रश्न प्रमाणाचा. दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असेल तर लोणी नको आणि 'लॅक्टोज-फ्री' दूधही नको, कारण त्यातली साखर फोडलेली असते, प्रथिन तसंच असतं.

फोनवर विचारायचे प्रश्न काढले: निदान झालंय का आणि कशाचं? चुकून पोटात गेलं तर काय होतं, किती वेळात? औषध जवळ ठेवावं लागतं का? ओट चालतात का? अंडी, सोया, तीळ, दाणे, सुकामेवा? आणि शेवटचा, जो सहसा कुणी विचारत नाही: बाहेर जेवताना आजवर सगळ्यात जास्त कुठे फसलात?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

उत्तरं आली. सीलिएक, बायोप्सीने निश्चित. लॅक्टोज पचत नाही, पण दुधाची ॲलर्जी नाही. ओट नको. अंडी, दाणे, सोया चालतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं निघालं: पदार्थ बहुतेक वेळा बरोबर असतो, वाढताना चमचा बदलतो.

आकडे लिहून ठेवतो, म्हणजे स्वयंपाकघरात वाद नको. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार 'ग्लूटेनविरहित' म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन. सीलिएक माणसाच्या पोटात दिवसाकाठी १० मिलिग्रॅमच्या आत गेलं तर बहुतेकांच्या आतड्याला इजा होत नाही असं मानतात. रोज ५० मिलिग्रॅम गेलं तर काही महिन्यांत इजा दिसते. गव्हाच्या ब्रेडच्या ३० ग्रॅमच्या कापात ढोबळमानाने २ ग्रॅमहून जास्त ग्लूटेन असतं. म्हणजे १० मिलिग्रॅम हा त्या कापाचा दोनशेवा भाग, बोटाला चिकटणारा चुरा. "थोडंसं चालेल ना?" हा प्रश्न इथेच संपला. शिजवून, तळून, भाजून ग्लूटेन जात नाही. ते जंतू नाही, प्रथिन आहे. धुऊन काढावं लागतं.

लॅक्टोजचं मात्र सोपं. सगळा स्वयंपाक तेलात करायचा आणि विषय सोडून द्यायचा.

या पाहुण्यांखेरीज तिघं शाकाहारी आहेत.

शनिवार, ८ नोव्हेंबर

पहिल्या यादीत १२ पदार्थ होते, आता ८ उरले. दोन मार्ग होते. एक, नेहमीचं जेवण करायचं आणि पाहुण्यांचं ताट वेगळं. दुसरा, सगळं टेबलच ग्लूटेनविरहित. पहिला मार्ग सोपा दिसतो, पण त्यात दोन पातेली, दोन झारे, दोन चाळण्या, दोन ओव्हन लागतात आणि बारा माणसांनी दोन तास शिस्तीत वाढून घ्यावं लागतं. टेबलावर गव्हाचा एक पदार्थ आला की तीन आठवड्यांची मेहनत एका चमच्याच्या भरवशावर जाते. दुसरा मार्ग घेतला.

निवडीचा नियम: जे मुळातच गव्हाविना होतं ते आधी, गव्हाऐवजी दुसरं काही घालून करायचं ते शेवटी आणि कमीत कमी. ठरलेली यादी:

- लाल भोपळ्याचं सूप, ३ लिटर (माणशी २५० मिलि). भोपळा सोलून २ किलो, कांदे ४०० ग्रॅम, पाणी दीड लिटर, नारळाचं दूध ४०० मिलि. भोपळा स्वतःच दाट होतो, पीठ लावायची गरज नाही.
- भाजलेली कोंबडी, १.८ किलोच्या दोन.
- भरलेल्या सिमला मिरच्या, ८. आत भात, काबुली चणे, टोमॅटो.
- भाजलेले बटाटे, कच्चे ३ किलो.
- मशरूमचा रस्सा, १.२ लिटर. कोंबडीच्या रसाचा वेगळा, शाकाहाऱ्यांचा वेगळा असं नाही, एकच.
- हिरवं सॅलड, लिंबू १ भाग आणि तेल ३ भाग.
- ब्रेड, दोन लोफ.
- चॉकलेट केक, २३ सेंटीमीटरचा.

पर्यायी पीठ फक्त शेवटच्या दोघांत. चाचण्याही त्या दोघांच्याच.

बटाट्याबद्दल इशारा: कुरकुरीतपणासाठी उकडलेल्या बटाट्यांवर मैदा किंवा रवा भुरभुरण्याची बऱ्याच जणांची सवय असते आणि ती पाककृतीत लिहिलेली नसते. त्या दिवशी बटाट्याला जो हात लावेल त्याला हे तोंडी सांगायचं.

रविवार, ९ नोव्हेंबर

कपाट तपासणी. अंदाज तासाभराचा होता, लागले तीन.

लेबलं वाचून बाजूला काढलेलं: सोया सॉस (बहुतेक गव्हासह आंबवलेला असतो), स्टॉकचे क्यूब (गव्हाचं पीठ), माल्ट व्हिनेगर आणि कॉर्नफ्लेक्स (बार्लीचं माल्ट), डबीतला हिंग (पिठात मिसळलेला, आणि ते पीठ बहुधा गव्हाचं). रवा, दलिया, कुसकुस, स्पेल्ट हे सगळे नाव बदललेले गहूच. 'गहूविरहित' लिहिलेलं पाकीट 'ग्लूटेनविरहित' असेलच असं नाही, त्यात बार्ली किंवा राय असू शकते. उलट कुट्टूचं इंग्रजी नाव (बकव्हीट) ऐकून लोक दचकतात, त्यात गहू नसतो.

कॉर्नफ्लोअरचं पाकीटही वाचावं. काही देशांत गव्हाचा स्टार्चही याच नावाने विकतात. 'अंश असू शकतो' ही सूचना बऱ्याच देशांत ऐच्छिक असते. ती छापलेली नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही.

लेबल नसलेल्या वस्तूंनी जास्त त्रास दिला. बरणीतली साखर: मैद्याचाच कप तिच्यात बुडतो, तळाशी पांढरी भुकटी दिसली. मिठाचं भांडं: कणकेच्या हाताने चिमूट घेतली जाते. जॅम: सुरीवरून ब्रेडचा चुरा. ही तिन्ही या कामातून बाद, सीलबंद नवी आणायची. तांदळाची पिठी गिरणीतून दळून आणलेली होती. त्या जात्यावर आधी गहू दळला असेल तर सुरुवातीचं पीठ मिसळीचंच येतं. तीही बाद.

काबुली चणे आणि मसूर निवडले. अर्ध्या किलो मसुरात गव्हाचे चार दाणे सापडले. हे नवल नाही, शेतात, खळ्यावर, पोत्यात कुठेही मिसळतात. आपल्याला चणेच लागणार आहेत आणि त्यांत परका दाणा पटकन दिसतो, म्हणून भरण्यासाठी मसुराऐवजी चणे हा निर्णय बरोबर ठरला.

भांडी: लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी चमचे, चरे पडलेला नॉनस्टिक तवा, पिठाची चाळणी, टोस्टर हे सगळं बाहेर. चाळणीची जाळी कितीही घासली तरी साफ होत नाही. स्टील आणि काच साबणाने नीट धुतली की पुरे. मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग काढून पाहिली. पाहायला हवीच होती.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ब्रेड, चाचणी १. तांदळाची पिठी ३०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २००, इसबगोल ८, पाणी ४००, यीस्ट ७, मीठ ९. गव्हाच्या ब्रेडसारखा दुप्पट फुगेपर्यंत ठेवला.

फसला. ओव्हनमध्ये दहाव्या मिनिटाला माथा खचला. तळाशी बोटभर चिकट पट्टा, वर पोकळी. कारणं तीन. ग्लूटेनची जाळी नसल्यामुळे वायू धरून ठेवायला दुसरं काहीतरी हवं, ८ ग्रॅम इसबगोल त्याला अपुरं. दुप्पट फुगू देणं ही गव्हाची सवय, इथे भिंती तेवढा ताण सोसत नाहीत. आणि गरम असतानाच कापला. स्टार्च थंड होताना घट्ट बसतो, त्याआधी सुरी लावली की गोळा होतो.

चवही कोरडी, पांढरी, काही नाही अशी.

शनिवार, १५ नोव्हेंबर

ब्रेड, चाचणी २. हे प्रमाण पक्कं (एक लोफ, साधारण २३ × १३ सेंटीमीटरचा टिन):

तांदळाची पिठी २०० ग्रॅम, ज्वारीचं पीठ १५०, कॉर्नफ्लोअर १५०, अख्खं इसबगोल २५, कोमट पाणी ४७५, तेल ३०, साखर १५, मीठ ९, कोरडं यीस्ट ७, साधं पांढरं व्हिनेगर १०. सगळं वजनावर. कपाने मोजलं तर पिठी दाबली की भुरभुरली यावर २०-३० ग्रॅमचा फरक सहज पडतो.

आधी इसबगोल पाण्यात फेटून पाच मिनिटं ठेवायचं. जेलीसारखं झालं की बाकीचं घालायचं. कोरड्या पिठात इसबगोल टाकून वरून पाणी ओतलं तर गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत सुटत नाहीत. पीठ मळून जाळी बनवायची नसल्यामुळे चार मिनिटं एकजीव करणं पुरे. थेट टिनमध्ये भरून ओल्या हाताने माथा गुळगुळीत करायचा. एकदाच फुगवायचं, दीडपट झालं की थांबायचं. उबदार जागी ४५ मिनिटं लागली.

२२० अंशांवर २० मिनिटं, मग १९० वर ४० मिनिटं. आत थर्मामीटर ९७ अंश दाखवेपर्यंत काढायचा नाही. वरून तपकिरी दिसणं ही खूण इथे फसवते. टिनमधून काढून जाळीवर पूर्ण गार, किमान तीन तास.

काप धरतो, वाकतो, मोडत नाही. रंग मात्र किंचित जांभळट आला. काही इसबगोलांनी असं होतं, ब्रेड बिघडलेला नसतो. रंगाची कुणाला अडचण असेल तर दुसऱ्या पाकिटातलं वापरून पाहावं. आम्ही नाही पाहिलं, चव चांगली आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

केक. सकाळचा पहिला दाताखाली रवाळ लागला. तांदळाच्या पिठीला पाणी शोषायला वेळ लागतो, मिश्रण लगेच ओव्हनमध्ये गेलं तर कण कोरडेच राहतात. तसं मिश्रण अर्धा तास ठेवावं, तर बेकिंग सोड्याचा वायू तोवर उडून जातो. तोडगा: आधी पिठी भिजवायची, फुगवणारं शेवटी घालायचं.

दुपारचा, जमलेला: कोको ५० ग्रॅम, २०० मिलि उकळत्या पाण्यात कालवून कोमट होऊ दिला. वेगळ्या भांड्यात तांदळाची पिठी १३० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ५० आणि झँथन गम (मिश्रण बांधून ठेवणारी भुकटी) दीड ग्रॅम १२० मिलि तेलात फेटलं. झँथन आधी तेलात गेला की पाण्यात गुठळी धरत नाही. दोन्ही एकत्र करून ३० मिनिटं झाकून ठेवलं. मग ३ अंडी आणि २२० ग्रॅम साखर फिकट होईपर्यंत फेटून त्यात मिसळली. सगळ्यात शेवटी बेकिंग पावडर ८ ग्रॅम, सोडा ३, मीठ ३ आणि लगेच ओव्हनमध्ये. १७५ अंश, ३८ मिनिटं.

झँथनचा हात सैल सोडू नये. ३ ग्रॅम घातला तर केक रबरासारखा होतो.

संध्याकाळी सगळ्या सामानाच्या लेबलांचे फोटो पाहुण्यांना पाठवले. त्यांनी एकच वस्तू पकडली: बेकिंग पावडरवर नुसतं 'स्टार्च' लिहिलंय, कशाचा ते नाही. आम्ही तिघांनी ते लेबल वाचलं होतं. आता घरीच करायची: खायचा सोडा १ भाग, क्रीम ऑफ टार्टर २ भाग, कॉर्नफ्लोअर १ भाग, वजनावर. ही मिश्रणं दमट हवेत टिकत नाहीत, म्हणून त्या दिवसापुरतीच.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

बाकीच्या पाहुण्यांना निरोप: "यंदा टेबलावरचं सगळं ग्लूटेनविरहित आहे, म्हणून घरून काही करून आणू नका. आणायचंच असेल तर अख्खी फळं किंवा सीलबंद सरबत. बिअर नको, तिच्यात बार्ली असते." कुणासाठी ते लिहिलं नाही. पाहुण्यांनी तसं सांगितलं होतं, आणि जेवताना बारा जणांना आपल्या आतड्याची माहिती द्यायला कुणालाच आवडत नाही.

खरेदी झाली. कोंबडी घेताना नुसती, काही न टोचलेली. मिठाचं-मसाल्याचं पाणी टोचून विकतात त्यात काय असेल सांगता येत नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आजपासून स्वयंपाकघरात गव्हाचं पीठ उघडायचं नाही. पिठाची धूळ हवेत बराच वेळ तरंगते आणि उघड्या भांड्यांवर बसते. ओटे, कपाटांच्या मुठी, फ्रिजचं हँडल, नळ साबणाच्या पाण्याने पुसले. नवा स्पंज, नवी फडकी, धुतलेले ॲप्रन. ओव्हनच्या तळाशी आणि पंख्याच्या जाळीत जुना चुरा निघाला. पंखा चालू केला की तोच चुरा पदार्थांवर उडाला असता. ट्रेवर ॲल्युमिनियम फॉइल आणि वर बेकिंगचा कागद.

हातासाठी साबण आणि पाणीच. सॅनिटायझर जंतू मारतो, ग्लूटेन जागच्या जागी ठेवतो.

चणे पुन्हा निवडून भिजत घालायचे ते उद्या रात्री नाही, आज रात्री. कच्चे ५०० ग्रॅम भिजवले. शिजल्यावर किलोहून जास्त होतात, भरायला ३०० ग्रॅम पुरतात. ५०० हा आकडा कुठून आला ते आता कुणालाच आठवत नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सकाळी दोन्ही ब्रेड एकदम, मग केक. दोन टिन असल्यामुळे ब्रेडला सात मिनिटं जास्त लागली.

दुपारी सूप. गरम पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून दोन उथळ ट्रेमध्ये पसरून गार केलं, मग आत. नारळाचं दूध उद्या घालायचं. भरण्यासाठीचा भात (कच्चा तांदूळ १८० ग्रॅम) आजच शिजवून असाच पसरून गार केला. भात बाहेर रेंगाळला की त्यात जे जंतूंचं विष तयार होतं ते पुन्हा गरम करून जात नाही. चणे शिजवून, कांदा-टोमॅटोत परतून भातात मिसळले. मिरच्या उद्याच भरायच्या.

कोंबड्यांना किलोमागे १५ ग्रॅम मीठ चोळून, न झाकता, फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात. धुतल्या नाहीत. धुण्याने कोंबडी स्वच्छ होत नाही, सिंक घाण होतं.

रविवार, २३ नोव्हेंबर

९.४५ कोंबड्या फ्रिजबाहेर. १०.१५ ओव्हन २०० वर. १०.३५ कोंबड्या आत.

११.०० मिरच्या भरून रुंद पातेल्यात, तळाशी पेलाभर पाणी, झाकण, मंद आच. ओव्हनमध्ये त्यांना जागा नव्हती आणि कोंबडीखालच्या जाळीवर शाकाहाऱ्यांचं काही ठेवायचं नसतं. ४० मिनिटांत झाल्या.

११.१५ बटाटे मिठाच्या पाण्यात १० मिनिटं, निथळून पातेल्यातच हलवून कडा खडबडीत केल्या. तेल ट्रेमध्ये तापवायचं राहून गेलं, म्हणून दोन ट्रेंपैकी एकाचे बटाटे कागदाला चिकटले.

११.५५ कोंबड्या बाहेर. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकता ७८ अंश. ७४ पुरतात, मांडीला थोडं जास्त बरं. १२.०० बटाटे २२० वर, दोन जाळ्यांवर, अर्ध्या वेळाने ट्रे खाली-वर.

१२.२० रस्सा. मशरूम चांगले तपकिरी होईपर्यंत परतले, नाहीतर रस्सा राखाडी आणि पाणचट. २५० मिलिला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, म्हणजे एकूण साधारण ४० ग्रॅम, थंड पाण्यात कालवून. उकळी आल्यावर एक मिनिट, मग आच बंद. कॉर्नफ्लोअरचा रस्सा उकळत ठेवला किंवा घोटत राहिलं तर पुन्हा पातळ होतो. तसा झालाच थोडा, कारण दहा मिनिटं लवकर केला.

१२.५० एका पाहुण्यांनी निरोप वाचला नव्हता. घरी भाजलेली बिस्किटं घेऊन आले. आभार मानून डबा तसाच बंद, बाहेरच्या खोलीत. जाताना परत दिला.

१.०५ सूप. प्रत्येक पदार्थाला एकच वाढायचा चमचा, दांड्यावर रंगीत पट्टी. सगळं ग्लूटेनविरहित असूनही कोंबडीचा चमचा मिरच्यांत जाऊ नये यासाठी पट्ट्या लागल्याच. ३.०० वाजता उरलेलं फ्रिजमध्ये.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पाहुण्यांचा निरोप: तब्येत ठीक. सीलिएकचा त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतो, म्हणून कालच विचारलं नाही. काही चुकलं असतं तर ते कळल्याबरोबर सांगायचं, लपवायचं नाही, हे आमच्यात आधीच ठरलं होतं.

उरलं: सूप ४०० मिलि, मिरची १, ब्रेडचे ९ काप, चण्यांचा ढीग. संपलं: बटाटे, केक. पुढच्या वेळी सूप २.५ लिटर, बटाटे ३.५ किलो, दोन्ही ट्रेमध्ये तेल आधी तापवून. बिस्किटांसारखं होऊ नये म्हणून निरोप लिहून न पाठवता फोन करायचा. ब्रेड एक लोफ पुरला असता, पण ओव्हनमध्ये टिन एकदम दोन मावतात आणि उरलेला फ्रीझरमध्ये चांगला टिकतो.

काप मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये. डब्यावर चिठ्ठी: तव्यावर गरम करावा, घरच्या टोस्टरमध्ये घालू नये.